खाजेची ट्यूब आणि तिच्या पोटातली औषधे

परतवाड्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो आणि जूनच्या पावसाने हवा दमट होते. संत्र्याच्या बागेत, पऱ्हाटीच्या वावरात, मोटरसायकलवर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर दिवसभर बसून अंगातले कपडे घामाने भिजतात आणि अंगावरच वाळतात. जांघेत, काखेत, कमरेला नाडीच्या खाली खाज सुटते. गोल चट्टा उठतो, त्याची कड लाल होते. माणूस मेडिकलवर जातो आणि म्हणतो, "भाऊ, मांगच्या खेपेला देल्ली होती, थेच खाजीची ट्यूब द्या." ट्यूब मिळते. नाव कोणी विचारत नाही, आत काय आहे हे कोणी सांगत नाही. चार दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि ट्यूब कपाटात जाते. दोन-तीन आठवड्यांनी चट्टा परत येतो, आधीपेक्षा मोठा होऊन. तोवर घरात आणखी एकाला खाज सुटलेली असते, आणि तीच ट्यूब त्यालाही दिली जाते.

हे फक्त परतवाडा-अचलपुरातच होते असे नाही. अकोट, दर्यापूर, अमरावती, अकोला, किंबहुना देशभर गेली दहा-पंधरा वर्षे हेच चालू आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या ओपीडीत न हटणाऱ्या गजकर्णाचे रुग्ण वाढले, त्यामागे या ट्यूबचा मोठा हात आहे. म्हणून ती ट्यूब उघडून आत काय आहे ते नीट पाहायला हवे.

एका ट्यूबमध्ये दोन, तीन, चार औषधे

अशा मलमांत बहुधा एक स्टेरॉइड असते आणि त्याच्या जोडीला एक अँटिबायोटिक. अनेकदा बुरशी मारणारे तिसरे औषधही असते, काही ट्यूबमध्ये चौथेही. स्टेरॉइड म्हणजे बीटामेथासोन, क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादे. अँटिबायोटिक म्हणजे निओमायसिन, जेंटामायसिन किंवा फ्युसिडिक अॅसिड. बुरशीनाशक म्हणजे मायकोनाझोल किंवा क्लोट्रिमाझोल. नेमका आजार कोणता हे ठरवण्याची गरजच पडू नये, अशी ही मांडणी आहे. इसब असेल तर स्टेरॉइड लागू पडेल, पू झाला असेल तर अँटिबायोटिक, बुरशी असेल तर बुरशीनाशक. वरवर ही सोय वाटते. पण तिन्ही औषधे एकाच वेळी कातडीत उतरतात आणि त्यांतले एक दुसऱ्याचे काम बिघडवते.

सुरुवात स्टेरॉइडपासून करू. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच आणि सहकाऱ्यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन टोचले आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइशस्टाइन यांना नोबेल मिळाले. १९५२ मध्ये सुल्झबर्गर आणि विटेन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून इसब बरे होत असल्याचे दाखवले. तोपर्यंत इसबाच्या रुग्णाला डांबरापासून केलेली मलमे लावावी लागत. त्वचेच्या वैद्यकात त्या वर्षी खरोखर नवे पर्व सुरू झाले, आणि स्टेरॉइड मलमे आजही लाखो रुग्णांचा आधार आहेत. तेव्हा स्टेरॉइड म्हटले की घाबरून जायचे कारण नाही.

हे औषध पेशीत शिरून दाह घडवणारी यंत्रणा मंदावते. रक्तवाहिन्या आकसतात, सूज ओसरते, खाज थांबते. रक्तवाहिन्या आकसल्या की कातडी फिकी दिसते. १९६२ मध्ये मॅकेंझी आणि स्टॉटन यांनी या फिकेपणाचाच मापदंड केला. निरोगी माणसाच्या हातावर मलम लावायचे आणि कातडी किती पांढुरकी पडते त्यावरून औषधाची ताकद ठरवायची. या मापावर एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन सर्वांत सौम्य गटात येते आणि क्लोबेटासोल सर्वांत तीव्र गटात. क्लोबेटासोल सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त वापरू नये, असा वैद्यकीय दंडक आहे. आपल्याकडच्या अनेक खाजेच्या ट्यूबमध्ये हेच क्लोबेटासोल असते, आणि त्या महिनोन्महिने वापरल्या जातात.

बुरशीला रान मोकळे

गजकर्ण, नायटा किंवा दाद ज्याला म्हणतात तो बुरशीचा आजार. ही बुरशी कातडीच्या वरच्या थरातले केराटिन खाऊन जगते. शरीर तिला ओळखते आणि दाह निर्माण करते. लाल कड, खाज, पापुद्रे हे सगळे त्या लढाईचे दृश्य रूप. आता यावर स्टेरॉइड लावले तर काय होते? मेळघाटच्या पायथ्याला वावरात रात्री रानडुकरे शिरली आणि राखणदाराने आरडाओरडा केला, तर आवाजाचा त्रास होतो म्हणून राखणदाराचेच तोंड दाबावे, तसा हा प्रकार. आवाज बंद होतो, घरच्यांना झोप लागते आणि पीक उभ्याने खाल्ले जाते. ट्यूबमध्ये बुरशीनाशक असले तरी स्टेरॉइडने शरीराचा प्रतिकार दडपलेला असतो. शिवाय खाज थांबताच माणूस मलम बंद करतो, त्यामुळे बुरशीनाशकाला लागणारे आठवडे कधी पुरेच होत नाहीत.

असा दबलेला नायटा ओळखणे डॉक्टरांनाही अवघड जाते. १९६८ साली आइव्ह आणि मार्क्स या ब्रिटिश डॉक्टरांनी स्टेरॉइड लावून रूप पालटलेल्या नायट्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नेहमीची स्वच्छ गोल कड जाते. कधी चट्टा पुसट होतो, कधी वलयात वलय उठते. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना हे वलयात वलय आता रोज दिसते.

गोष्ट एवढ्यावर थांबलेली नाही. भारत-नेपाळमधल्या रुग्णांत सापडलेल्या बुरशीच्या एका जातीला जपानी संशोधकांनी २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. नायट्यावर वर्षानुवर्षे हमखास चालणाऱ्या टर्बिनाफिनच्या गोळ्यांना तिचे अनेक वाण दाद देत नाहीत, कारण हे औषध ज्या विकरावर घाव घालते त्याच्या जनुकातच बदल झालेला असतो. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन स्त्रियांना या बुरशीची लागण झाल्याची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रसिद्ध केली. त्यांतल्या एकीने परदेश प्रवास केलेलाच नव्हता. ही बुरशी फोफावण्यामागे स्टेरॉइडमिश्रित मलमांचा बेसुमार वापर हे एक महत्त्वाचे कारण असावे, असे तज्ज्ञ मानतात.

अँटिबायोटिकचाही हिशेब पाहायला हवा. निओमायसिन १९४९ साली सेल्मन वाक्समन आणि ह्युबर्ट लेशेव्हालिए यांनी मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळवले. ते जिवाणू मारते, पण बुरशीवर त्याचा काहीच परिणाम नाही. म्हणजे नायट्याच्या रुग्णासाठी ते निरुपयोगी. त्यातच निओमायसिनची अॅलर्जी बऱ्याच जणांना होते. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञसंस्थेने २०१० साली त्याला 'वर्षातला अॅलर्जीकारक पदार्थ' ठरवले होते. मलमात स्टेरॉइड असल्याने ही अॅलर्जीही झाकली जाते. मलम लावले की थोडे बरे वाटते, थांबवले की भडकते आणि रुग्ण पुन्हा तीच ट्यूब शोधतो. मोठ्या उघड्या जखमेवर निओमायसिन फार दिवस लावले तर ते रक्तात उतरून कानाला आणि मूत्रपिंडाला इजा करू शकते. आणि विनाकारण लावलेल्या प्रत्येक अँटिबायोटिकमुळे त्याला न जुमानणाऱ्या जिवाणूंना वाव मिळतो.

कातडी सगळीकडे सारखी नसते

मलम हाताला लावले काय आणि जांघेत लावले काय, सारखेच, असा बहुतेकांचा समज. फेल्डमन आणि मायबाख यांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून ते किती शोषले जाते हे मोजले. हाताच्या पुढच्या भागातून जेवढे शोषले जाते त्याच्या सहापट कपाळातून जाते, जबड्याच्या कोपऱ्यातून १३ पट आणि अंडकोशाच्या कातडीतून ४२ पट. तळपायातून मात्र त्याच्या सातव्या हिश्श्याइतकेच.

नायटा सर्वांत जास्त होतो जांघेत. तिथली कातडी पातळ, कायम ओलसर आणि एकमेकींवर घासणारी. तिथे तीव्र स्टेरॉइड महिनोन्महिने लावले की कातडीतला कोलॅजेन झिजतो आणि गरोदरपणात पोटावर पडतात तसे रुंद, लाल-जांभळे व्रण मांड्यांच्या आतल्या बाजूला पडतात. हे व्रण पुढे पूर्ण जात नाहीत. विशीतल्या मुलांच्या मांड्यांवर ते दिसतात, आणि लाजेपोटी मुले ते कोणाला दाखवत नाहीत.

लहान बाळांची कातडी आणखी पातळ. लंगोटाखाली किंवा डायपरमध्ये मलम झाकले जाते, त्यामुळे ते जास्तच मुरते. बाळाच्या ढुंगणावरच्या लालीसाठी मोठ्यांची ट्यूब रोज लावली तर स्टेरॉइड रक्तात जाऊन त्याच्या शरीरातले नैसर्गिक हार्मोन दबू शकते. चेहरा गोल होतो, वजन वाढते, उंची खुंटते. बाळाने बाळसे धरले म्हणून घरचे खूश असतात आणि खरे कारण ध्यानात येत नाही.

चेहऱ्याची कथा वेगळी आणि तितकीच दुःखाची. ज्या फिकेपणावरून शास्त्रज्ञ औषधाची ताकद मोजतात, तोच फिकेपणा घरोघरी गोरेपणा म्हणून लावला जातो. लग्न ठरलेली मुलगी, मुरुमांनी वैतागलेला कॉलेजातला मुलगा, वांग आलेली गृहिणी यांना कोणीतरी ट्यूब सुचवते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशभरातल्या १२ केंद्रांवरच्या अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत असल्याचे आढळले. परिणाम ठरलेले: मुरुमांचे पेव, बारीक लाल शिरा, केसांची लव, उन्हात आग. मलम बंद करताच चेहरा लालबुंद होऊन जळजळतो, म्हणून माणूस ते पुन्हा लावतो. पापण्यांजवळ दीर्घकाळ लावल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदूचाही धोका असतो.

एक चट्टा असा, ज्यासाठी थांबून चालत नाही

वऱ्हाडाच्या या भागात आणखी एक बाब लक्षात ठेवावी लागते. परतवाड्याजवळच्या कोठारा येथे लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभे केले. कुष्ठरोगावर पिढ्यान्‌पिढ्या काम झालेला हा मुलूख, आणि हा आजार महाराष्ट्रातून अजून संपलेला नाही. कुष्ठरोगाची सुरुवात बरेचदा फिकट किंवा तांबूस चट्ट्याने होते. त्याला खाज नसते, दुखतही नाही. कापसाची वात फिरवली तर तिथे स्पर्श कळत नाही. असा चट्टा डाग समजून ट्यूब लावत बसले तर महिने वाया जातात आणि त्या महिन्यांत मज्जातंतूंचे नुकसान होत राहते. वेळेत ओळखला तर हा आजार सहा ते बारा महिन्यांच्या औषधांनी पूर्ण बरा होतो आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. म्हणून बधिर चट्ट्याला मलम हा उपाय नाही. त्याची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी.

खरजेचेही तसेच. आश्रमशाळा, वसतिगृहे, एका खोलीत झोपणारी कुटुंबे यांत खरूज झपाट्याने पसरते. रात्री वाढणारी खाज आणि बोटांच्या बेचक्यांतले पुरळ ही तिची खूण. स्टेरॉइडने खाज दबते, किडे मात्र कातडीत वाढत राहतात. तिथे डॉक्टरांनी दिलेले पर्मेथ्रिन घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून पायापर्यंत लावावे लागते आणि आठवड्याने पुन्हा.

कायदा कुठवर पोचला

एका ट्यूबमध्ये अनेक औषधे भरण्याचा प्रश्न सरकारदरबारी गेला, तेव्हा त्यात मराठी नावे ठळकपणे पुढे आली. औषधनिर्माणशास्त्राचे प्राध्यापक चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीने हजारो मिश्र औषधांची छाननी केली. तिच्या शिफारशीवरून १० मार्च २०१६ रोजी केंद्राने ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तपासणी करायला सांगितले. ते काम मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या माजी अधिष्ठाता डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या समितीकडे आले, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणे बंद झाली. त्या यादीत स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली त्वचेची मलमेही होती.

त्याच वर्षी मार्चमध्ये आणखी एक बदल झाला. तोपर्यंत बाहेरून लावायच्या स्टेरॉइड मलमांना शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीच्या, नियमातून बऱ्याच अंशी सूट होती. ती काढून १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असे ठरले. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला होता. तरीही बंदी न आलेली अनेक मिश्रणे आजही कायदेशीरपणे दुकानात आहेत, आणि काउंटरवर चिठ्ठी मागितली जाईलच असे नाही. त्यामुळे ट्यूब वाचता येणे हे ग्राहकाच्याच हातात उरते.

वापरायचीच असेल तर

ही मिश्रणे सर्वथा निरुपयोगी आहेत असे नाही. इसब चिघळून त्यात पू झाला, थोड्या जागेत पिवळसर खपली धरली, तर डॉक्टर स्टेरॉइड-अँटिबायोटिक मलम थोड्या दिवसांसाठी देऊ शकतात. पण त्याची गरज समजली जाते त्याहून कमी वेळा पडते. ब्रिटनमध्ये सौम्यपणे चिघळलेल्या इसबाच्या ११३ मुलांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्टेरॉइड आणि त्वचा मऊ ठेवणारे मलम यांच्या जोडीला अँटिबायोटिक देऊन विशेष फायदा दिसला नाही.

डॉक्टरांनी असे मलम दिले तर चार गोष्टी विचारून घ्याव्यात: नेमके कुठे, दिवसातून किती वेळा, किती दिवस आणि बरे वाटले तर केव्हा बंद करायचे. साधारण पाच ते सात दिवस आणि फार तर दोन आठवडे, एवढीच बहुतेक वेळा मुदत असते. प्रमाणासाठी बोटाच्या पेराचे माप उपयोगी पडते. लाँग आणि फिनले या ब्रिटिश डॉक्टरांनी १९९१ मध्ये ते मांडले. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत मलमाची रेघ काढली की ते सुमारे अर्धा ग्रॅम होते. एवढे मलम दोन पसरलेल्या तळहातांइतक्या जागेला पुरते. तेवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात दिवस लावले तर सात ग्रॅम लागतात. म्हणजे १५ ग्रॅमची ट्यूब अर्धी उरायला हवी. हात धुऊन पातळ थर लावावा, वर पट्टी किंवा प्लॅस्टिक गुंडाळू नये. उरलेली ट्यूब दुसऱ्याच्या अंगावरच्या चट्ट्यासाठी जपून ठेवू नये.

विकत घेताना ट्यूबवर बारीक अक्षरांत लिहिलेली घटकद्रव्ये वाचावीत. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसले तर ते स्टेरॉइड आहे. नायटा, मुरूम, नागीण, कांजिण्या, खरूज यांवर आणि गोरेपणासाठी ते लावायचे नाही. नायटा आहे की इसब याची शंका असेल तर डॉक्टरांना खरवड तपासणीबद्दल विचारावे. चट्ट्याच्या कडेचे पापुद्रे काचेवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे काही मिनिटांत दिसतात. ही जुनी आणि स्वस्त तपासणी तीन औषधांच्या अंदाजपंचे वापरापेक्षा कितीतरी भरवशाची आहे.

नायटाच निघाला तर नुसते बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटांपर्यंत लावावे, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवावे. घरात ज्यांना खाज आहे त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. टॉवेल, अंतर्वस्त्रे वेगळी ठेवावीत, गरम पाण्यात धुऊन वऱ्हाडच्या कडक उन्हात उलटी करून वाळवावीत. घट्ट जीन्स आणि ओली अंतर्वस्त्रे टाळावीत.

जे आधीच महिनोन्महिने तीव्र स्टेरॉइड लावत आले आहेत, त्यांनी ते मनानेच एकदम बंद करून भडका उडाल्यावर पुन्हा सुरू करण्यापेक्षा थेट डॉक्टरांकडे जावे आणि वापरलेल्या सगळ्या ट्यूब बरोबर न्याव्यात. परतवाड्याहून अचलपूरचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. पुढच्या तपासणीसाठी अमरावतीचे इर्विन रुग्णालय आणि अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मलमामुळे त्रास झाला असेल तर त्याची नोंद रुग्णालाही करता येते. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि त्याचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ हा आहे. फोन करताना ट्यूबचे नाव, बॅच क्रमांक, किती दिवस लावली आणि काय झाले एवढे सांगावे लागते. म्हणून त्रास देणारी ट्यूब फेकून देण्याआधी तिच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.